हुकुमाची हद्द

सुरत शहर मागे टाकून हजिऱ्याच्या रस्त्याला लागले, की इच्छापोर नावाचे गाव लागते. आज त्या बाजूला हिऱ्यांच्या आणि दागिन्यांच्या धंद्याची वसाहत उभी आहे, आणि हजिऱ्याच्या कारखान्यांची अवजड वाहने रात्रंदिवस तेथून धावतात. हे गाव चोर्यासी तालुक्यात मोडते. १९२८ सालाच्या अखेरीस या तालुक्यात आणि शेजारच्या बार्डोलीत दोन इंग्रज अधिकारी खेडोपाडी हिंडत होते. त्यांपैकी ब्रूमफील्ड हे न्यायखात्यातले, आणि मॅक्सवेल हे मुलकी कारभारातले. शेतकऱ्यांना समोर बसवून ते विचारीत, या शेताचा खंड किती येतो, तो खरोखर वसूल होतो काय, आणि साऱ्याची आकारणी ठरविताना सरकारी अंमलदाराने तुम्हांला हे विचारले होते काय.

बार्डोलीचा लढा सर्वांना ठाऊक आहे. मुंबई सरकारने साऱ्यात बावीस टक्क्यांच्या आसपास वाढ केली, वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा देण्याचे नाकारले, जमिनी व गुरे जप्त झाली, आणि अखेर १९२८ च्या ऑगस्टमध्ये सरकारला चौकशी मान्य करावी लागली. लढा बार्डोलीने दिला. चौकशी मात्र बार्डोली आणि चोर्यासी या दोन्ही तालुक्यांची झाली, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. चौकशीअंती असे दिसून आले, की ज्या खंडाच्या आकड्यांवर सारी फेरआकारणी उभारली होती ते आकडेच विश्वासार्ह नव्हते. बार्डोलीची वाढ बावीसवरून सहा टक्क्यांच्या आसपास खाली आली.

आता यात एक प्रश्न असा आहे, की तो त्या काळी फारसा कोणी विचारला नाही, कारण त्याचे उत्तर सर्वांना माहीत होते. आकारणी चुकीच्या आकड्यांवर झाली असेल, तर शेतकरी न्यायालयात का गेले नाहीत? वल्लभभाई स्वतः बॅरिस्टर. कन्हैयालाल मुनशींसारखे मुंबई हायकोर्टातील नामांकित वकील गव्हर्नरशी पत्रव्यवहार करीत होते. कायदेपंडितांची वाण नव्हती. वाण होती ती दरवाजाची. १८७६ सालच्या दहाव्या कायद्याने, म्हणजे मुंबई इलाख्याच्या महसुली अधिकारक्षेत्राच्या कायद्याने, सरकारने मंजूर केलेल्या साऱ्याच्या रकमेविषयी कोणतीही तक्रार ऐकण्यास दिवाणी न्यायालयांना मनाई केली होती. सरकारने आकारणी करावी, सरकारनेच तिच्यावरील हरकत ऐकावी, आणि सरकारनेच ती फेटाळावी, अशी ती व्यवस्था होती. ब्रूमफील्ड हे न्यायाधीश खरे. पण ते चोर्यासीत आले ते न्यायासन घेऊन नव्हे. सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते, आणि ती समितीही सत्याग्रहाने सरकारकडून ओढून घेतलेली होती.

हे असे का झाले याचा माग काढायचा तर बरोबर शंभर वर्षे मागे, १८२८ सालच्या मुंबईत जावे लागते.

त्या वर्षी मुंबईत एकमेकांना न जुमानणारी अशी दोन राज्ये एकाच किल्ल्यात नांदत होती म्हटले तरी चालेल. एक ईस्ट इंडिया कंपनीचे गव्हर्नर आणि त्यांचे कौन्सिल. दुसरे इंग्लंडच्या राजाच्या सनदेने स्थापन झालेले सुप्रीम कोर्ट. हे कोर्ट १८२३ च्या सनदेअन्वये निर्माण होऊन १८२४ च्या मे महिन्यात सुरू झाले. त्याचे न्यायाधीश कंपनीचे नोकर नव्हते; राजाने नेमलेले होते, आणि ही गोष्ट ते कंपनीला विसरू देत नसत. मुंबई बेटाबाहेर, म्हणजे ठाणे, पुणे, अहमदनगर, सुरत या मुलखांत, कंपनीची स्वतःची न्यायालये होती. त्यांना अदालती म्हणत. या अदालतींच्या डोक्यावर असलेली सदर अदालत काही वर्षे सुरतेसच होती. पुढे ती मुंबईस आली. अदालतीचे न्यायाधीश कंपनीचे पगारदार, आणि त्यांनी कायदा म्हणून पाळावयाची ती रेग्युलेशने गव्हर्नर आणि त्यांच्या कौन्सिलाने केलेली. रेग्युलेशन योग्य की अयोग्य हे पाहणे अदालतीचे काम नव्हते.

सुरतेचा कारभार कंपनीने १८०० साली नवाबाकडून आपल्या हाती घेतला होता. तेव्हा १८२८ मध्ये इच्छापोरच्या एखाद्या कुणब्याला सरकारी अंमलदाराने विनाकारण कोठडीत घातले असते, तर त्याला दाद मागावयाची ती सुरतेच्या अदालतीत, म्हणजे त्याच सरकारच्या दुसऱ्या दालनात. तोच माणूस मुंबईच्या किल्ल्यात राहत असता, तर राजाच्या न्यायाधीशासमोर उभे राहून सरकारला जाब विचारू शकला असता. दोघेही एकाच सत्तेचे प्रजाजन. फरक एवढाच, की मध्ये माहीमची खाडी होती.

या सुप्रीम कोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट हे विलक्षण गृहस्थ होते. जमिनीच्या खंडाची उपपत्ती सांगणारा त्यांचा निबंध १८१५ साली प्रसिद्ध झाला, आणि अर्थशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव माल्थस व रिकार्डो यांच्या बरोबरीने घेतले जाते. खंडाची मीमांसा करणारा हा पंडित मुंबईत आला, आणि त्याच इलाख्यात शंभर वर्षांनी खंडाच्याच आकड्यांवरून एवढे रण माजावे, हा इतिहासाचा एक योगायोग. वेस्ट स्वभावाने ताठ होते. मुंबईच्या गोऱ्या समाजाशी त्यांचे पटले नाही. वृत्तपत्रांना परवान्याच्या बंधनात अडकविणारे रेग्युलेशन कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाने १८२३ मध्ये नोंदवून घेतले होते, आणि त्याविरुद्ध राममोहन रॉय यांनी केलेला अर्ज व्यर्थ गेला होता. तसेच रेग्युलेशन १८२६ मध्ये मुंबई सरकारने आपल्या सुप्रीम कोर्टापुढे नोंदणीसाठी ठेवले, तेव्हा वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नोंदविण्यास नकार दिला. नोंदणीवाचून ते मुंबई शहरात अंमलात येऊ शकत नव्हते. या वेळी गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्यांचे नाव आपल्याकडे उदारपणाबद्दल आदराने घेतले जाते. सरकार उदार असो की अनुदार, त्याच्या हुकुमाला नाही म्हणणारे कोणी असावे लागते, एवढे त्यावरून दिसते.

१८२७ च्या नोव्हेंबरात एल्फिन्स्टन गेले आणि सर जॉन माल्कम गव्हर्नर झाले. माल्कम हे शिपाईगडी, मुत्सद्दी, आणि हिंदुस्थानच्या इतिहासाचे लेखक. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली ती यांच्यापुढे. पेशवाई जाऊन उणीपुरी दहा वर्षे झाली होती. पुण्यातील जुन्या सरदारांना सांभाळून घ्यावे, त्यांचा मानमरातब राखावा, त्यांना सामान्य न्यायालयात खेचू नये, असे एल्फिन्स्टनपासून चालत आलेले धोरण होते, आणि माल्कम ते जिवापाड जपत होते.

अशा वेळी सुप्रीम कोर्टापुढे पुण्याहून एक अर्ज आला. मोरो रघुनाथ नावाचा एक ब्राह्मण मुलगा, वय सुमारे चौदा वर्षांचे, आपले वडीलधारे नातलग पांडुरंग रामचंद्र ढमढेरे यांच्या ताब्यात होता. ढमढेरे हे पेशव्यांच्या नात्यातील प्रतिष्ठित सरदार. मुलाला त्यांनी बेकायदा अडकवून ठेवले आहे, असे शपथेवर सांगून त्याला न्यायालयापुढे आणण्याविषयी हेबिअस कॉर्पसचा हुकूम मागण्यात आला. या लॅटिन नावाच्या हुकुमाचा अर्थ साधा आहे. ज्याच्या ताब्यात माणूस असेल त्याने तो माणूस न्यायाधीशापुढे आणून उभा करावा आणि कोणत्या अधिकाराने त्याला धरून ठेवले आहे ते सांगावे. सांगता आले नाही तर माणूस मोकळा. इंग्लंडात या हुकुमापुढे राजाच्या मंत्र्यालाही उत्तर द्यावे लागे.

सुप्रीम कोर्टाने हुकूम काढला. ढमढेरे पुण्याचे रहिवासी; मुंबई बेटाशी त्यांचा संबंध नाही. असाच दुसरा हुकूम ठाण्याच्या तुरुंगाधिकाऱ्यावर निघाला. त्या तुरुंगात कंपनीच्या न्यायालयाने पाठविलेला बापू गणेश नावाचा कैदी होता. न्यायाधीशांचे म्हणणे असे, की सनदेने आम्हांला इंग्लंडच्या किंग्ज बेंच न्यायालयाच्या न्यायाधीशांचा अधिकार दिला आहे. राजाचा प्रजाजन कोठेही अडकला असो, राजाच्या वतीने आम्ही त्याची विचारपूस करू शकतो. सरकारचे म्हणणे असे, की सनदेने तुम्हांला बेट दिले आहे, मुलूख दिलेला नाही. पुण्याच्या सरदाराच्या दारात मुंबईचा बेलीफ जाऊन उभा राहिला, तर काल जिंकलेल्या मुलखातील लोक समजतील की कंपनीच्याही वर कोणी आहे आणि कंपनीचा हुकूम मोडता येतो.

माल्कम यांचे हे भय अगदीच खोटे म्हणता येणार नाही. पन्नास वर्षांपूर्वी बंगालमध्ये हेच घडले होते. काशीजोड्याच्या राजावर कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाने हुकूम काढला, तो बजाविण्यासाठी शेरीफची माणसे गेली, आणि वॉरन हेस्टिंग्जने सैन्य पाठवून त्या माणसांनाच पकडून आणविले. त्या कलहातून १७८१ चा कायदा निघाला आणि कलकत्त्याच्या कोर्टाची हद्द आखडली. पण हेस्टिंग्जने जे सैन्याने केले ते माल्कम यांनी पत्राने केले, आणि एका अर्थी ते अधिक गंभीर होते.

१८२८ च्या ऑगस्टमध्ये वेस्ट वारले. वय अवघे सेहेचाळीस. मागे सर चार्ल्स चेंबर्स आणि त्याच वर्षी आलेले सर जॉन पीटर ग्रँट असे दोनच न्यायाधीश उरले. ३ ऑक्टोबर रोजी गव्हर्नर आणि कौन्सिलाने या दोघांना पत्र लिहिले. पत्राचा आशय असा, की बेटाबाहेर राहणाऱ्या हिंदी लोकांवर किंवा मुलखातील न्यायालयांच्या अधिकाऱ्यांवर काढलेल्या हेबिअस कॉर्पसच्या हुकुमांना कोणतेही उत्तर देऊ नये, अशी आज्ञा सरकारने दिलेली आहे. विलायतेहून निर्णय येईपर्यंत न्यायाधीशांनी असे हुकूम काढण्याचे टाळावे. आणि राज्याच्या गरजेसाठी सरकार ही जबाबदारी शिरावर घेत आहे. भाषा सभ्य होती. परंतु आपल्यासमोर आलेला प्रश्न कसा सोडवावा याविषयी न्यायासनावर बसलेल्या माणसांना त्या खटल्यातील एका पक्षाने खाजगी पत्र लिहावे, हा प्रकार न्यायाधीशांना सहन होण्यासारखा नव्हता. ६ ऑक्टोबरला भर न्यायालयात त्यांनी त्या पत्राचा उल्लेख करून आपला संताप व्यक्त केला. आठवडाभरात, १३ तारखेला, चेंबर्सही वारले. दोन महिन्यांच्या आत तीन न्यायाधीशांपैकी दोन मृत्युमुखी पडले, आणि एकटे ग्रँट राहिले.

ग्रँट हे स्कॉटलंडचे. पार्लमेंटचे सभासद होते, कर्जबाजारी झाले होते, आणि उतरत्या वयात नशीब काढण्यासाठी हिंदुस्थानात आले होते. त्यांची मुलगी एलिझाबेथ हिने पुढे लिहिलेल्या आठवणी इंग्रजीत पुष्कळ वाचल्या जातात. ज्याला पगाराची निकड होती असा हा माणूस सरकारशी जुळवून घेईल असे कोणालाही वाटले असते. त्यांनी उलट केले. मोरो रघुनाथाच्या प्रकरणात एकामागून एक हुकूम काढले. ढमढेऱ्यांकडून मुलगा येईना, तेव्हा त्यांच्या अटकेचा हुकूम काढला, आणि तो बजाविण्यास सरकारने साहाय्य करावे अशी मागणी केली. सरकारने नकार दिला. तेव्हा १ एप्रिल १८२९ रोजी ग्रँट यांनी जाहीर केले, की न्यायालयाचे हुकूम पाळले जातील अशी हमी मिळेपर्यंत न्यायालयाचे सर्व काम बंद. मुंबईचे सुप्रीम कोर्ट खरोखरच बंद पडले. पुढे काही काळाने त्यांनी ते पुन्हा सुरू केले, पण तोवर शहरभर त्याचीच चर्चा होती.

विलायतेत कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड एलेन्बरो होते. त्यांनी माल्कम यांना धीर देणारे एक खाजगी पत्र धाडले. नवे दोन न्यायाधीश येत आहेत. त्या दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मधोमध हा रानटी हत्ती सरळ चालू लागेल, असा त्यात ग्रँट यांना उद्देशून शेरा होता. हे पत्र बाहेर फुटले आणि वर्तमानपत्रांत छापले गेले. न्यायाधीशांच्या नेमणुका करताना मंत्र्यांच्या मनात काय असते याचा एवढा उघड कागद क्वचितच सापडतो. नव्या मुख्य न्यायाधीशाच्या जागी आले ते सर जेम्स ड्यूअर, म्हणजे कालपर्यंत याच कंपनी सरकारची वकिली करणारे ॲडव्होकेट जनरल.

प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय १८२९ सालीच झाला. न्यायाधीश हरले. जो इसम न्यायालयाच्या स्थानिक हद्दीत राहत नाही किंवा अन्य रीतीने व्यक्तिशः त्याच्या अधिकाराखाली येत नाही त्याच्यावर सुप्रीम कोर्टाला हेबिअस कॉर्पस काढता येत नाही. तसेच मुलखातील न्यायालयांच्या तुरुंगाधिकाऱ्यावरही काढता येत नाही, असे ठरले. सनदेचे शब्द पाहता हा अर्थ चुकीचा होता असे म्हणवत नाही. माल्कम यांची बाजू कायद्याच्या अक्षराने खरी ठरली. पण ती खरी आहे हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा नव्हता, आणि ३ ऑक्टोबरचे पत्र त्यांनी लिहिले ते निर्णय येण्याच्या आठ महिने आधी. न्यायालयाने मर्यादा ओलांडली असेल तर अपिलाची वाट मोकळी होती. त्या वाटेने जाऊन निर्णय होईपर्यंत हुकूम पाळणे एक, आणि हुकूम पाळू नका असे अधिकाऱ्यांना बजावून मग अपिलाची वाट पाहणे दुसरे. या दुसऱ्या रीतीची चव एकदा सरकारला लागली की ती सुटत नाही.

मोरो रघुनाथाचे पुढे काय झाले याकडे त्या सगळ्या धुमाळीत कोणी लक्ष दिले नाही. ज्याच्यासाठी न्यायालय बंद पडले तो चौदा वर्षांचा मुलगा कागदपत्रांतून हळूहळू नाहीसा होतो.

१८२९ च्या निर्णयाने आखलेली रेघ शंभराहून अधिक वर्षे टिकली. १८६२ मध्ये सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत एकत्र होऊन मुंबईचे हायकोर्ट झाले. इलाख्यातील दिवाणी व फौजदारी अपिले त्याच्याकडे येऊ लागली. पण सरकारी अधिकाऱ्याला जाब विचारणारे जे खास हुकूम होते, त्यांची हद्द जुन्या सुप्रीम कोर्टाइतकीच, म्हणजे मुंबई शहरापुरती राहिली. फौजदारी कायद्यात १९२३ साली दुरुस्ती होऊन अटकेपुरती सवलत शहराबाहेर मिळाली, बाकीचे तसेच. १९४३ मध्ये पर्लाकिमिडी जमीनदारीतील रयत वाढविलेल्या खंडाविरुद्ध मद्रास हायकोर्टाकडे गेली, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने हाच इतिहास उगाळून सांगितले, की गंजम जिल्हा मद्रास शहराबाहेर आहे, सबब हुकूम काढता येत नाही. पर्लाकिमिडीच्या रयतेची आणि चोर्यासीच्या शेतकऱ्याची कथा या बाबतीत एकच.

आणि या रेघेपलीकडे सरकारच्या हाती काय होते? त्याच्या हाती १८२७ चे २५ वे रेग्युलेशन होते. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत झालेल्या कायदेसंग्रहातले हे रेग्युलेशन राजकीय कैद्यांविषयी होते. खटला नाही, आरोप नाही, शिक्षेची मुदत नाही. सरकारला आवश्यक वाटले की माणूस बंदीत. १८९७ च्या जुलैमध्ये, रँडच्या खुनानंतर, पुण्याच्या नातू बंधूंना याच रेग्युलेशनखाली उचलून नेण्यात आले. १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढविणारे बाळाजीपंत नातू ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातील हे सरदार. त्यांच्यावर खटला कधीच झाला नाही. पुढे १९३० च्या मे महिन्यात, ४ तारखेच्या मध्यरात्री उलटून, सुरतेचे जिल्हा मॅजिस्ट्रेट पोलीस घेऊन दांडीजवळच्या कराडी गावी गेले आणि त्यांनी झोपलेल्या महात्मा गांधींना उठविले. कराडी तेव्हा सुरत जिल्ह्यातच होते. वॉरंट वाचून दाखविण्यात आले. ते १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनखालचे होते. मिठाच्या कायद्याखाली खटला भरला असता तर गांधींना न्यायालयात उभे करावे लागले असते, आणि १९२२ मध्ये अहमदाबादेच्या खटल्यात ते काय बोलले होते हे सरकार विसरले नव्हते. त्या खटल्यात त्यांना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश पुन्हा ब्रूमफील्डच, बार्डोली-चोर्यासीचे. या वेळी न्यायाधीश लागलाच नाही. गांधींना गाडीने आणि मग मोटारीने पुण्याजवळ येरवड्यास नेले.

न्यायालयांनी सरकारला अडविण्याचा प्रयत्न केलाच नाही असे मात्र नाही. १९४३ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या केशव तळपदे यांच्या अर्जावर फेडरल कोर्टाने निर्णय दिला, की युद्धकाळात हजारो लोकांना ज्या नियमाखाली स्थानबद्ध केले तो २६ वा नियम मूळ कायद्याच्या मर्यादेबाहेर जातो, सबब तो रद्द. सर मॉरिस ग्वायर हे मुख्य न्यायाधीश इंग्रज होते, युद्ध ऐन भरात होते, आणि चलेजाव चळवळीतले नेते तुरुंगात होते. काही दिवसांतच व्हाइसरॉयने वटहुकूम काढून तो नियम मागील तारखेपासून वैध ठरविला. न्यायालयाचा हुकूम निघाला. तो टिकू न देण्याची युक्ती सरकारजवळ तयार होती.

या पार्श्वभूमीवर १९५० च्या घटनेतील २२६ वे कलम वाचले, की त्यातील एकेक शब्द कोणत्या जखमेवर बसविला आहे ते कळते. हायकोर्टाला आपल्या सर्व प्रदेशात हुकूम काढता येतील, शहरापुरते नव्हे. ते कोणत्याही व्यक्तीवर किंवा अधिकाऱ्यावर काढता येतील, आणि योग्य प्रसंगी सरकारवरही. हेबिअस कॉर्पसचे नाव तेथे स्पष्ट घातले आहे. साध्या कायद्याने, उदाहरणार्थ १८७६ च्या त्या महसुली कायद्याने, दिवाणी न्यायालयाच्या दारावर घातलेला अडसर या अधिकाराला लागू होत नाही. त्याशिवाय ३२ व्या कलमाने मूलभूत हक्कांसाठी थेट सुप्रीम कोर्टात जाण्याचा मार्ग दिला, आणि डॉ. आंबेडकरांनी त्या कलमाला घटनेचा आत्मा म्हटले ते सर्वश्रुत आहे. सुरत जिल्हा त्या वेळी मुंबई राज्यात होता. २६ जानेवारी १९५० पासून इच्छापोरच्या शेतकऱ्यासाठी मुंबई हायकोर्टाचा हुकूम सुरतेच्या कलेक्टरावर चालू लागला. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य निराळे झाले तेव्हा हे काम अहमदाबादच्या नव्या हायकोर्टाकडे गेले.

हद्दीचा जुना प्रश्न तरीही एकदा डोके वर काढून गेलाच. १९५३ साली सुप्रीम कोर्टाने असे ठरविले, की ज्या अधिकाऱ्याची कचेरी हायकोर्टाच्या प्रदेशाबाहेर आहे त्याच्यावर त्या हायकोर्टाला हुकूम काढता येत नाही. प्रकरण मद्रासचे होते आणि निवडणूक आयोगाची कचेरी दिल्लीत. परिणामी केंद्र सरकारविरुद्ध दाद मागावयाची ती दिल्लीवर अधिकार असलेल्या हायकोर्टात, मग अर्जदार मद्रासचा असो की सुरतेचा. १९६३ मध्ये पंधराव्या दुरुस्तीने हे बदलले. तक्रारीचे कारण जेथे घडले तेथील हायकोर्टालाही हुकूम काढता येऊ लागला. १८२८ मध्ये माहीमच्या खाडीवर अडलेला हुकूम दिल्लीपर्यंत पोचायला एकशे पस्तीस वर्षे लागली.

न्यायालय म्हणजे सरकारविरुद्ध नेहमी निकाल देणारे यंत्र, अशीही एक समजूत असते. ती बरोबर नाही. मुंबई राज्याच्या कूळकायद्यातील १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून कुळांना जमिनीचे मालक केले. जमीनमालक ३२ व्या कलमाखाली सुप्रीम कोर्टात गेले, आणि १९५८ मध्ये कोर्टाने कायदा वैध ठरविला. तो कायदा सुरत जिल्ह्यालाही लागू होता. सरकारला त्या वेळी न्यायालयासमोर येऊन कायद्याचे समर्थन करावे लागले, ते त्याने केले, आणि ते टिकले.

टिकू नये ते टिकले असा प्रसंगही आला. १९७५ च्या आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्यांनी देशभरच्या हायकोर्टांत हेबिअस कॉर्पसचे अर्ज केले, आणि मुंबईसह नऊ हायकोर्टांनी ते ऐकून घेता येतात असा कौल दिला. २८ एप्रिल १९७६ रोजी सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मताने तो कौल फिरविला. आणीबाणी असेपर्यंत अटक बेकायदा आहे असे म्हणत कोणालाही हायकोर्टात येता येणार नाही, असे ठरले. १८२९ मध्ये हुकुमाला निदान एका बेटाची तरी हद्द होती. आता तेवढीही उरली नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात गेले, आणि पुढील वर्षी सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याकडे गेले. बहुमतातील चौघांत न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड हे पुण्याचे होते, आणि न्यायमूर्ती प्रफुल्लचंद्र भगवती हे गुजरात हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश. भगवतींनी बऱ्याच वर्षांनी आपली चूक उघडपणे मान्य केली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही असे केले, पण तो निर्णय मात्र पुस्तकात तसाच राहिला.

तो औपचारिकपणे रद्द झाला २४ ऑगस्ट २०१७ रोजी. खाजगीपणाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांचे पीठ बसले होते. त्या निकालपत्रात १९७६ च्या बहुमतातील चारही निकालपत्रे गंभीररीत्या सदोष असल्याचे लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय यशवंत चंद्रचूड, त्या चौघांपैकी एकाचे पुत्र.